दुसऱ्यांदा येणारा माणूस

प्रस्तावना

आपल्याकडच्या मोठ्या संग्रहालयांना गर्दीची वानवा कधीच नव्हती. मे महिन्यात गावाकडून मुंबईला आलेलं कुटुंब गेटवे, राणीची बाग आणि म्युझियम एका दिवसात उरकतं. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहलींच्या एसटी एकामागून एक येऊन लागतात. तिकीट खिडकीवरचा आकडा पाहिला तर कुणाही विश्वस्ताला समाधान वाटावं. पण त्याच दारातून बाहेर पडणाऱ्या एखाद्याला ‘याआधी कधी आला होतात?’ असं विचारून पाहावं. उत्तर बहुधा ठरलेलं असतं : ‘शाळेत असताना, सहलीला.’ आणि आता? ‘आता मुलांना दाखवायला आणलंय.’ म्हणजे आयुष्यात दोन भेटी, आणि दुसरीही स्वतःसाठी नाही. मधली वीस-पंचवीस वर्षं या माणसाला तिथे यावंसं का वाटलं नाही, हा संग्रहालय चालवणाऱ्याला पडायला हवा असा पहिला प्रश्न आहे. हे पुस्तक त्या प्रश्नाभोवती उभं आहे.

मूर्ती, नाणी, ताम्रपट, लघुचित्रं, शस्त्रं यांवर मराठीत पुष्कळ आणि उत्तम लिहिलं गेलं आहे. त्या मूर्तीसमोर उभ्या राहिलेल्या माणसावर मात्र फारसं कुणी लिहीत नाही. त्याला काय दिसतं, काय दिसत नाही, तो कुठे थांबतो, कुठे कंटाळतो, दालनातून काय घेऊन जातो, हाही अभ्यासाचा विषय आहे आणि त्यात आयुष्य घालवणारी माणसं आहेत, हे आपल्याकडे अजून पुरतं रुजलेलं नाही. संग्रहालयाचा संचालक म्हणजे एखादा वयोवृद्ध विद्वान, किंवा बदलीवर आलेला आणि पुढच्या बदलीची वाट पाहणारा अधिकारी, अशी दोनच चित्रं आपल्या डोळ्यांसमोर येतात. तिसरं चित्र दाखवणं हा या पुस्तकाचा हेतू, आणि त्या चित्राला थोडी पार्श्वभूमी देणं हे या प्रस्तावनेचं काम.

सुरुवात भायखळ्यापासून करणं योग्य. राणीच्या बागेतलं संग्रहालय २ मे १८७२ रोजी लोकांसाठी खुलं झालं. त्याचं नाव तेव्हा ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम’. त्यासाठी वर्गणी उभी करण्यात डॉ. भाऊ दाजी लाड आणि जगन्नाथ शंकरशेट या दोघांनी पुढाकार घेतला होता. १९७५ साली संग्रहालयाला भाऊ दाजींचं नाव दिलं गेलं. राणीच्या नावाची संस्था असली तरी तिच्या उभारणीत शहरातल्या व्यापाऱ्यांचा आणि डॉक्टरांचा पैसा व उत्साह होता, ही गोष्ट विसरू नये. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सेसिल बर्न्स आणि अर्नेस्ट फर्न या अभिरक्षकांच्या काळात इथे मातीच्या छोट्या प्रतिमा घडवल्या गेल्या. मुंबईतल्या नाना जातीजमातींचे, धंद्यांचे लोक, त्यांची पागोटी, त्यांची अवजारं. आजही सर्वांत जास्त वेळ लोक घुटमळतात ते या प्रतिमांपाशी. ‘ही आपल्याकडची पगडी बघ’ असं एकमेकांना दाखवतात. पुरातत्त्वाच्या हिशेबात या प्रतिमांना फार मोल नसेल. प्रेक्षकाच्या हिशेबात त्या संग्रहाचा गाभा आहेत.

हेच संग्रहालय विसाव्या शतकाच्या अखेरीला पार मोडकळीला आलं होतं. २००३ साली मुंबई महानगरपालिका, वारसा जपणारी ‘इंटॅक’ ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. इमारतीच्या जीर्णोद्धाराला २००५ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि २००८ साली दारं पुन्हा उघडली. तसनीम झकेरिया मेहता यांच्या नेतृत्वाखाली झालेलं हे काम वास्तुजतनाचा नमुना म्हणून नेहमी सांगितलं जातं. या पुस्तकाच्या वाचकाने मात्र त्यानंतर काय झालं तिकडे लक्ष द्यावं. सोनेरी मुलामा दिलेले खांब आणि हिरव्या-निळ्या रंगाचं छत एकदा पाहून झालं की पुन्हा येण्याचं कारण उरत नाही. म्हणून आजच्या चित्रकारांना, शिल्पकारांना बोलावून, ‘या जुन्या वस्तूंना तुम्ही काय उत्तर द्याल?’ असं विचारण्याची प्रथा तिथे सुरू झाली. सुदर्शन शेट्टी, जितीश कल्लाट, अतुल डोडिया अशा कलावंतांनी एकोणिसाव्या शतकातल्या लाकडी कपाटांच्या संगतीत आपली कामं मांडली. संग्रह तोच राहिला, पण त्याच्यावरचं बोलणं बदलत गेलं. दुसऱ्यांदा येण्याचं कारण असं जाणूनबुजून तयार करावं लागतं.

दुसरं उदाहरण काळा घोड्याजवळचं. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची कोनशिला ११ नोव्हेंबर १९०५ रोजी बसली. वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांची इमारत १९१४ साली तयार झाली, पण महायुद्धामुळे तिथे लष्करी इस्पितळ आलं, आणि प्रेक्षक आत जायला १० जानेवारी १९२२ उजाडला. १९९८ पासून ते छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. या संस्थेचा कारभार विश्वस्त मंडळाकडे आहे. तिथल्या संचालकाला सरकारी खात्याच्या तुलनेत थोडी मोकळीक मिळते, आणि पैशाची विवंचना मात्र पुरेपूर. डॉ. मोतीचंद्र, सदाशिव गोरक्षकर, सब्यसाची मुखर्जी अशी संचालकांची नावं घेतली तरी या पेशाचा प्रवास कळतो. मोतीचंद्र हे भारतीय लघुचित्रांचे आणि वेशभूषेचे मोठे अभ्यासक, त्यांच्यामुळे संस्थेला विद्वत्तेचा दबदबा आला. गोरक्षकरांनी तीच विद्वत्ता सामान्य वाचकापर्यंत नेण्याची धडपड केली. मुखर्जींच्या काळात जगातल्या मोठ्या संग्रहालयांशी भागीदारीचं पर्व सुरू झालं.

२०१२-१३ मध्ये ब्रिटिश म्युझियममधली ममी मुंबईत आली तेव्हा लोकांनी रांगा लावल्या. ममी म्हटल्यावर गर्दी होणारच. त्याहून धाडसाचा प्रयोग होता २०१७-१८ चा. ‘इंडिया अँड द वर्ल्ड’ या प्रदर्शनात ब्रिटिश म्युझियम, दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय आणि देशभरातले इतर संग्रह यांतल्या दोनशेवर वस्तू नऊ प्रकरणांत मांडल्या होत्या. एकाच काळात आपल्याकडे काय घडत होतं आणि जगात इतरत्र काय, हे शेजारी-शेजारी दिसत होतं. प्रेक्षकाला ‘आमचं जुनं’ आणि ‘त्यांचं भारी’ या दोन्ही सवयी बाजूला ठेवून तुलना करायला लावणारी ती मांडणी होती. याच संग्रहालयाने २०१५ साली फिरतं संग्रहालय सुरू केलं. वस्तू आणि प्रतिकृती घेऊन एक बस शाळांच्या मैदानात, तालुक्याच्या गावी जाऊन उभी राहते. २०१९ साली बालसंग्रहालय आलं. प्रदर्शन, बस आणि मुलांची इमारत ही कामं वेगवेगळ्या खात्यांची वाटतात. त्यांच्यामागचा निर्णय एकच असतो : प्रेक्षक येईल तेव्हा येईल म्हणून बसून राहायचं नाही.

हा निर्णय मुंबईपुरता किंवा पैसेवाल्या संस्थांपुरता आहे असंही नाही. साताऱ्याजवळच्या औंध संस्थानाचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली आपला संग्रह लोकांसाठी खुला केला, तो यमाईच्या डोंगरावर, देवीच्या वाटेत. तिथे राजा रविवर्म्यांची चित्रं आहेत आणि हेन्री मूर यांचं ‘माता आणि मूल’ हे शिल्पही आहे. दर्शनाला निघालेली बाई पायऱ्या चढता चढता थांबते आणि विसाव्या शतकातल्या एका श्रेष्ठ इंग्रज शिल्पकाराच्या दगडासमोर उभी राहते. तिला मूर माहीत नसतात. आई आणि मूल माहीत असतं. लोक आधीच ज्या वाटेने जातात त्या वाटेवर संग्रहालय उभं करण्याची ही राजाची अक्कल व्यवस्थापनाच्या कुठल्याही अभ्यासक्रमात शिकवण्याजोगी आहे.

कोल्हापूरजवळच्या कणेरी मठावरचं सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय तर जाणकारांना पेचात टाकतं. तिथे प्राचीन असं काहीच नाही. सिमेंटमध्ये घडवलेले माणसाएवढे पुतळे आहेत : नांगर धरलेला शेतकरी, भाता ओढणारा लोहार, चाकावरचा कुंभार, न्हावी, मोट हाकणारा. अभ्यासक याला संग्रहालय म्हणायलाही कचरतात. पण तिथे जाऊन पंधरा मिनिटं नुसतं ऐकावं. आजी नातवाला मोटेचं पाणी पाटात कसं पडायचं ते हातवारे करून सांगत असते, नातू प्रश्नावर प्रश्न विचारत असतो, आणि मधल्या पिढीचा बाप पहिल्यांदाच आपल्या आईचं बालपण ऐकत असतो. तिथे गाईड ही आजीच असते. अस्सल वस्तूंनी भरलेल्या आपल्या दालनांत असा संवाद क्वचितच ऐकू येतो. याचा अर्थ अस्सल वस्तू काढून सिमेंटचे पुतळे बसवावेत असा नाही. पण प्रेक्षकाकडे स्वतःचं असं ज्ञान असतं आणि योग्य जागा मिळाली की तो ते बाहेर काढतो, एवढं तरी कणेरीकडून शिकता येतं.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाची कथा आणखी निराळी. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) म्हणजे कवी ‘अज्ञातवासी’. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी संग्रह उभा केला. दिवे, अडकित्ते, वज्र्या, वाद्यं, कोरीव दरवाजे, स्वयंपाकघरातली भांडी : राजेरजवाड्यांच्या तलवारींपेक्षा घरातल्या बाईच्या हाताखालच्या वस्तूंना त्यांनी मान दिला. वस्तूंची संख्या वीस हजारांच्या घरात गेली, आणि वाड्यात मांडता येतो तो त्यांतला लहानसा भाग. अशा संग्रहाचा प्राण म्हणजे तो जमवणारा माणूस. हा दिवा कुठल्या गावी, कुणाच्या माळ्यावर, किती घासाघीस करून मिळाला, हे त्याला तोंडपाठ असतं. तो गेला की वस्तू उरतात, नोंदवही उरते, गोष्ट जाते. पुढच्या संचालकापुढचं आव्हान असतं ते हे : एका माणसाचं वेड संस्थेच्या शिस्तीत बसवायचं आणि बसवताना ते वेड मारायचं नाही. महाराष्ट्रात आणि गोव्यात एकेका माणसाच्या हट्टातून उभे राहिलेले कितीतरी संग्रह आज याच वळणावर आहेत.

या पेशाचा भारतातला इतिहास सांगताना एका बाईंचं नाव टाळता येत नाही. ग्रेस मॉर्ली १९३५ पासून १९५८ पर्यंत सॅन फ्रान्सिस्कोच्या कलासंग्रहालयाच्या संचालक होत्या. आधुनिक कला म्हणजे वेडेवाकडे फराटे, असं मानणाऱ्या शहरात त्यांनी संग्रहालय रात्री दहापर्यंत उघडं ठेवलं, कारण दिवसभर नोकरी करणाऱ्याला दुपारी चित्रं पाहायला सवड नसते. एवढी साधी गोष्ट. १९६० साली दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाची नवी इमारत उघडली तेव्हा त्या तिथल्या संचालक झाल्या, १९६६ पर्यंत राहिल्या, आणि नंतरही भारत सोडून गेल्या नाहीत. आशियातल्या संग्रहालयांसाठीच्या आंतरराष्ट्रीय केंद्राचं काम त्यांनी दिल्लीतून पाहिलं, १९८५ साली त्या दिल्लीतच वारल्या. लोक त्यांना ‘माताजी’ म्हणत. त्यांच्या कामाचा भर होता मांडणी, प्रकाशयोजना, फलक आणि तरुणांच्या प्रशिक्षणावर. आज आपल्या संग्रहालयांची वेळ पाहिली तर बहुतेक ठिकाणी साडेपाच-सहाला कुलूप लागतं. म्हणजे कचेरी सुटलेला माणूस अजूनही बाहेरच आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. या पेशातलं सर्वांत अवघड लेखन म्हणजे साठ-सत्तर शब्दांचा फलक. दायमाबादचं उदाहरण घेऊ. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात प्रवरेच्या काठी, १९७४ साली, एका झाडाचं मूळ खणताना ब्राँझच्या चार भरीव वस्तू सापडल्या : बैलजोडी जुंपलेला रथ आणि त्यात उभा माणूस, हत्ती, रेडा आणि गेंडा. चौघांचं मिळून वजन साठ किलोच्या वर. त्यांतल्या गेंड्यापुढे कसला फलक लावाल? रूढ पद्धत अशी : ‘गेंडा. ब्राँझ. दायमाबाद. उत्तर हडप्पा काळ.’ चारही गोष्टी कामाच्या, पण वाचणाऱ्याच्या डोक्यात काहीही हलत नाही. आता असं लिहून पाहा : ‘या गेंड्याला चाकं आहेत. तो कोण ओढत असेल? आज नगर जिल्ह्यात गेंडा नाही. ज्याने हा घडवला त्याने गेंडा पाहिला होता की नुसता ऐकला होता?’ सहावीतलं पोर इथे थांबतं. आणि अजून एक वाक्य हवं, ज्याला धीर लागतो : ‘या वस्तू किती जुन्या यावर अभ्यासकांचं एकमत नाही.’ म. के. ढवळीकरांनी त्या उत्तर हडप्पा काळातल्या मानल्या. डी. पी. अगरवाल यांनी धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून शंका घेतली. मतभेद लपवला की प्रेक्षक फलक वाचून निघून जातो. मतभेद दाखवला की तो गेंड्याकडे पुन्हा एकदा पाहतो. फलक लिहिणाऱ्याला ढवळीकर आणि अगरवाल दोघेही वाचावे लागतात आणि मग त्यांचं वजन न दाखवता चार ओळी लिहाव्या लागतात. सोपं लिहायला जास्त अभ्यास लागतो, हे या क्षेत्रात रोज प्रत्ययाला येतं.

दुसरी गोष्ट शरीराची. बॉस्टनच्या कलासंग्रहालयातल्या बेंजामिन गिल्मन यांनी १९१६ साली ‘संग्रहालयातला थकवा’ या विषयावर निबंध लिहिला. त्यांनी एका माणसाला दालनांतून फिरवून त्याची छायाचित्रं काढली : काचपेटीच्या तळातलं लेबल वाचायला वाकलेला, गुडघ्यांवर बसलेला, मान वेळावून उंचावरचं पाहणारा. प्रेक्षक कंटाळतो तो अडाणी म्हणून नव्हे, त्याची कंबर दुखते म्हणून, हे त्या छायाचित्रांतून उघड झालं. या गोष्टीला शंभर वर्षं उलटून गेली तरी आपल्याकडे कित्येक दालनांत बसायला बाक नाही, असलाच तर त्यावर पहारेकरी बसलेला असतो. लेबलं गुडघ्याच्या उंचीवर, काचेवर दिव्याचा झोत, स्वच्छतागृह इमारतीच्या मागे. सत्तरीतल्या बाईंना आणि तान्ह्या मुलाच्या आईला दालनात तासभर थांबता यावं, यासाठी कलेतिहासाची पदवी लागत नाही. तिथे नेतृत्व करणाऱ्या माणसाने आठवड्यातून एकदा तिकीट काढून, रांगेत उभं राहून, आपलंच संग्रहालय पाहायला हवं.

पहारेकऱ्याचा उल्लेख आला म्हणून सांगतो. प्रेक्षक संचालकाला कधी भेटत नाही, अभिरक्षकालाही नाही. त्याच्याशी बोलणारा संस्थेचा एकमेव माणूस म्हणजे दालनातला पहारेकरी, आणि त्याला शिकवलेली वाक्यं दोन : ‘हात लावू नका’ आणि ‘पुढे चला’. हाच माणूस रोज आठ तास त्या वस्तूंसोबत असतो. लोक कुठे हसतात, मुलं कुठे धावतात, कुठला प्रश्न दिवसातून वीसदा विचारला जातो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. ज्या संचालकाने पहारेकऱ्यांना महिन्यातून एकदा बसवून एकेका वस्तूची गोष्ट सांगितली आणि त्यांच्याकडून प्रेक्षकांची गोष्ट ऐकली, त्याने प्रेक्षक-सर्वेक्षणाचा अर्धा खर्च वाचवला असं समजावं.

शाळांच्या सहलीचंही तसंच. सव्वाशे मुलं, चार शिक्षक, हातात वही. मुलं फलकावरचं उतरवून घेतात : ‘काळ : इ. स. सहावे शतक. दगड : बेसाल्ट.’ मूर्तीकडे पाहायला वेळ उरत नाही, कारण चाळीस मिनिटांत तीन मजले करायचे असतात आणि बागेत डबे वाट पाहत असतात. याला शिक्षक दोषी नाहीत. संस्थेनेच त्यांना दुसरा मार्ग दिलेला नसतो. सहलीच्या आधी शिक्षकांना एक दिवस बोलावलं, एका इयत्तेला एकच दालन आणि तीनच वस्तू दिल्या, वहीऐवजी कोरा कागद दिला आणि ‘या मूर्तीच्या हातात काय आहे ते काढ’ म्हटलं, तर त्याच चाळीस मिनिटांत निराळं काही घडतं. आणि राहिलेले दोन मजले पाहायला आई-बाबांना घेऊन ये, असं मुलाला सांगता येतं. दुसऱ्या भेटीचं बी इथे पडतं.

या सगळ्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. प्रेक्षक, प्रेक्षक करत संग्रहालयाची जत्रा होईल, अभ्यास मागे पडेल, वस्तूंची हेळसांड होईल. कॅलिफोर्नियात सांताक्रूझच्या संग्रहालयाची सूत्रं २०११ साली नीना सायमन यांनी हाती घेतली. त्याआधी २०१० मध्ये त्यांचं सहभागी संग्रहालयाविषयीचं पुस्तक आलं होतं आणि जगभर वाचलं गेलं. त्यांच्या काळात गावातले लोक तिथे येऊन काहीबाही बनवू लागले, आपल्या गोष्टी मांडू लागले, येणाऱ्यांची संख्या कित्येक पटींनी वाढली. त्याच वेळी हे संग्रहालय उरलं की नुसतं समाजमंदिर झालं, अशी टीकाही झाली. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. जुन्या लघुचित्रावर पन्नास लक्सपेक्षा जास्त प्रकाश पडला तर रंग उडतात आणि उडालेला रंग परत येत नाही. पैठणीची जर, ताडपत्राची पोथी यांना गर्दीच्या श्वासातला दमटपणाही सोसत नाही. जतन करणारा म्हणतो चित्र सहा महिन्यांनी उतरवा, शिक्षण विभाग म्हणतो लोक तेच पाहायला येतात. दोघेही बरोबर असतात. संचालकाचं काम इथे सुरू होतं. आजच्या प्रेक्षकाची बाजू घ्यायची तशीच शंभर वर्षांनी येणाऱ्याचीही घ्यायची, आणि तो शंभर वर्षांनी येणारा बैठकीत हजर नसतो.

जगभरच्या संग्रहालयांच्या संघटनेलाही हा तिढा सोडवताना घाम फुटला. संग्रहालय म्हणजे काय याची नवी व्याख्या २०१९ साली क्योटोच्या परिषदेत मांडली गेली. मतभेद इतके की निर्णय पुढे ढकलावा लागला. शेवटी ऑगस्ट २०२२ मध्ये प्रागला ती मंजूर झाली. तिच्यात संशोधन आणि जतन हे जुने शब्द आहेतच, त्यांच्या जोडीला सर्वांना प्रवेश आणि लोकांचा सहभाग हेही आले. कागदावरची व्याख्या बदलून दार मोठं होत नाही, पण दार मोठं करू पाहणाऱ्याला अंदाजपत्रकाच्या बैठकीत दाखवायला कागद लागतोच.

अंदाजपत्रकाचा विषय निघालाच आहे. संग्रहालय तिकिटावर चालत नाही. कुठे सरकार, कुठे महापालिका, कुठे विश्वस्त आणि देणगीदार, अलीकडे कंपन्यांचा सामाजिक निधी. देणगीदाराला फीत कापायला नवं दालन हवं असतं. कोठारातल्या वातानुकूलनाला, नोंदवहीच्या संगणकीकरणाला किंवा तीन भाषांतल्या फलकांना पैसे देणारा विरळा. या कामांची गरज पटवून देण्याचं कौशल्य शिकावं लागतं, आणि विद्वान माणसाला ते शिकताना कमीपणा वाटतो. शिवाय वर्षाअखेरीला विचारला जातो तो एकच आकडा : यंदा किती आले? पुन्हा किती आले, किती वेळ थांबले, काय विचारलं, हे मोजणं कठीण, म्हणून कुणी मोजत नाही. जे मोजलं जात नाही त्यासाठी पैसा मिळत नाही. हे चक्र तोडायचं तर सुरुवात संचालकालाच करावी लागते. एका महिन्यापुरतं का होईना, दाराशी माणूस बसवून पुन्हा येणाऱ्यांची नोंद ठेवावी लागते.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या तरुणांसाठी हे पुस्तक प्रामुख्याने आहे, म्हणून थोडं व्यवहाराचं. संग्रहालयशास्त्राचा देशातला पहिला विद्यापीठीय विभाग बडोद्याला, महाराजा सयाजीराव विद्यापीठात, १९५२ साली सुरू झाला. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो. इतिहास, पुरातत्त्व, कला या वाटांनी लोक येतात तसे रसायनशास्त्र, वास्तुकला, शिक्षण, नाटक या वाटांनीही आले पाहिजेत. सरकारी जागा कमी निघतात, निघाल्या तरी भरायला वेळ लागतो. सुरुवातीचा पगार मित्रांच्या पगारापुढे सांगायला नको वाटेल असा असतो. पहिली काही वर्षं नोंदवहीत वस्तूंची मापं लिहिण्यात जातात. हे सगळं माहीत करून घेऊन जो येईल तो टिकेल. त्याने एक मात्र करावं : इंग्रजीतल्या संशोधनाइतकीच मेहनत मराठी फलकावर घ्यावी. आजही अनेक ठिकाणी मराठी फलक इंग्रजीवरून घाईने उतरवलेला असतो आणि त्यातलं वाक्य मराठी माणसाला तीनदा वाचावं लागतं. ज्याच्या गावातून ती मूर्ती आली त्यालाच तिची ओळख परक्या वळणाच्या मराठीत करून द्यायची, ही तऱ्हा थांबवणं नव्या पिढीच्या हातात आहे आणि त्याला निधीही लागत नाही.

पुढच्या प्रकरणांत वस्तूंची निवड, मांडणी, फलकलेखन, शाळांशी नातं, अपंग आणि दृष्टिहीन प्रेक्षकांसाठीच्या सोयी, पैसा उभा करणं आणि माणसं सांभाळणं अशा क्रमाने मांडणी आहे. ती याच क्रमाने वाचण्याची सक्ती नाही. विश्वस्त किंवा नगरसेवक असाल तर पैशाचं प्रकरण आधी वाचा, शिक्षक असाल तर सहलीचं. आणि संग्रहालयात नोकरी करण्याचा विचारही मनात नसलेल्या वाचकाकडे एकच मागणं आहे. दाराजवळच्या टेबलावर अभिप्रायाची वही असते. तिच्यात पानोपानी ‘छान’, ‘खूप सुंदर’, ‘जपलेला वारसा पाहून अभिमान वाटला’ असं लिहिलेलं असतं. तुम्ही पुढच्या वेळी जाल तेव्हा जे कळलं नाही ते लिहा. कुठल्या दालनात अंधार होता, कुठलं वाक्य समजलं नाही, कुठली वस्तू पाहायची होती आणि सापडली नाही. खाली पुन्हा कधी येणार तेही लिहा. चांगला संचालक ती वही वाचतो, आणि न वाचणाऱ्याला ती वाचायला लावण्याइतपत तक्रारी पानापानांवर जमल्या पाहिजेत.